दोन तासांच्या सुगंधाची बाजू

परफ्यूमच्या काउंटरवर गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. पहिला किमतीचा आणि दुसरा, मनगटावर फवारा मारून झाल्यावर, 'टिकतो किती?' विक्रेत्याचे उत्तरही ठरलेले असते : 'सकाळी मारा, रात्रीपर्यंत जात नाही.' लिंबू-संत्र्याच्या आणि हिरव्या चहाच्या वासाच्या परफ्यूमबाबत हे उत्तर खरे नसते. तो वास दोन-तीन तासांत ओसरतो. मग गिऱ्हाईक दुकानदाराला बोल लावते, दुकानदार कंपनीला. आणि 'स्वस्तातले घेतले की असेच व्हायचे' यावर दोघांचेही एकमत होते. खिशाला परवडणाऱ्या, रोज वापरायच्या या सुगंधांवरचा हा आरोप एकदा नीट तपासायला हवा. त्यातली तक्रार खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

उदाहरणादाखल या प्रकारातली एक सर्वपरिचित बाटली घेऊ : एलिझाबेथ आर्डेन कंपनीची 'ग्रीन टी'. कंपनीला हे नाव देणाऱ्या बाईंचे मूळ नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल ग्रॅहम. कॅनडात जन्मलेल्या या बाईंनी १९१० साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर सौंदर्यगृह काढले. त्याचा लाल दरवाजा पुढे कंपनीची ओळखच बनला. १९९९ मध्ये 'ग्रीन टी' बाजारात आली, तेव्हा बाईंना जाऊन तीन दशके उलटली होती. नंतर कंपनीचे मालक बदलले. २०१६ मध्ये ती रेव्हलॉनने विकत घेतली आणि २०२२ मध्ये खुद्द रेव्हलॉनलाच दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. या सगळ्या उलथापालथीत ही बाटली विकली जात राहिली. तिच्या पाठोपाठ लॅव्हेंडर, चेरीचा मोहोर, युझू अशा नावांची तिची भावंडेही आली. अमेरिकेतल्या सवलतीच्या दुकानांत १०० मिलिलीटरची मूळ बाटली अनेकदा २० डॉलरच्या आत मिळते. आपल्याकडे आयात शुल्क आणि कर धरून ती महाग पडते, तरी काचेच्या कपाटात कुलूपबंद असलेल्या बड्या नावांच्या तुलनेत तिची किंमत काही पटींनी कमीच असते.

ही बाटली कुणी घडवली हे पाहिले की किमतीबद्दलचा पहिला गैरसमज दूर होतो. सुगंधकार होते फ्रान्सिस कुर्कजियान. १९९५ मध्ये ज्याँ पॉल गॉतिएसाठी 'ल माल' हा पुरुषांचा परफ्यूम रचून त्यांनी पंचविशीतच नाव कमावले होते. २००९ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचे घराणे काढले. त्याच घराण्याचा 'बकारा रूज ५४०' आज जगातल्या सर्वाधिक चर्चेतल्या आणि सर्वाधिक नकला होणाऱ्या सुगंधांपैकी आहे. त्याची ७० मिलिलीटरची बाटली ३०० डॉलरहून अधिक किमतीला विकली जाते. २०२१ मध्ये ते दिओर या फ्रेंच घराण्याच्या सुगंधनिर्मितीचे प्रमुख झाले. २० डॉलरची बाटली आणि ३०० डॉलरची बाटली अशी एकाच माणसाच्या हातून उतरलेली आहे. 'नाव मोठे, लक्षण खोटे' हा अनुभव बाजारात नेहमीचाच. इथे तो उलटा आहे, एवढेच.

हिरव्या चहाच्या वासाची कल्पना मात्र कुर्कजियान यांची नव्हे. ती फ्रेंच सुगंधकार ज्याँ-क्लोद एलेना यांची. पॅरिसमध्ये १८५४ पासून चहा विकणाऱ्या मारियाज फ्रेरच्या दुकानात चहाच्या डब्यांचा वास घेताना त्यांना हा विषय सुचला. तो काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १९८० च्या दशकात अमेरिका आणि युरोपात भारी, गोड, खोलीभर पसरणाऱ्या परफ्यूमचा अंमल होता. 'जॉर्जिओ' १९८१ मध्ये आला, दिओरचा 'पॉयझन' १९८५ मध्ये. हे सुगंध इतके आक्रमक होते, की ते लावून येणाऱ्यांना काही अमेरिकी रेस्तराँनी प्रवेश नाकारल्याच्या बातम्या झाल्या. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपल्या ताटातल्या पदार्थाचा वास येईना, ही त्यामागची तक्रार. अशा काळात चहाचा हलका, पारदर्शक वास घेऊन एलेना गेले, तेव्हा तो आधी नाकारलाच गेला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बुल्गारी या इटालियन जवाहिऱ्याने तो आपल्या दालनांसाठी घेतला. दागिन्यांच्या दुकानापुरता मानलेला हा सुगंध पुढे इतका चालला, की पंचतारांकित हॉटेलांच्या स्नानगृहांतल्या साबणापर्यंत पोहोचला. १९९४ मध्ये केल्विन क्लाइनच्या 'सीके वन'ने हिरव्या चहाची हीच छटा बर्गमोटसोबत जोडली आणि एकच बाटली मुलगे आणि मुली दोघांनाही विकली. १९९९ मध्ये आर्डेनने तोच वास मध्यमवर्गाच्या ऐपतीत आणला. थोडक्यात, हलकेपणा हा या प्रकारातला दोष म्हणून शिरलेला नाही. भारी वासांना कंटाळलेल्या लोकांसाठी तो मुद्दाम निवडलेला गुण आहे.

आता बाटलीच्या आत डोकावू. 'ग्रीन टी' नाव असलेल्या परफ्यूममध्ये चहाच्या पानांचा अर्क असलाच पाहिजे असे नाही; असला तरी तो वासाचा मुख्य भार उचलत नाही. एलेना यांनी चहाचा भास दोन द्रव्यांच्या जोडीवर उभा केला : आयोनोन आणि हेडिओन. आयोनोन हे जांभळ्या व्हायोलेट फुलांच्या वासाचे द्रव्य १८९३ मध्ये जर्मनीत फर्डिनांड टीमान आणि पाउल क्रूगर यांनी प्रयोगशाळेत बनवले. त्याचाच एक प्रकार चहाच्या पानातही नैसर्गिकरीत्या असतो. हेडिओन हे जाईच्या वासातल्या एका घटकाचे भावंड. फर्मेनिश या स्विस कंपनीने ते शोधले आणि १९६६ च्या दिओरच्या 'ओ सोवाज'मध्ये ते पहिल्यांदा गाजले. जाईची फुले उघडताना येतो तसा ओलसर, हवेशीर वास त्याला असतो. या दोहोंची योग्य जुळणी झाली, की नाकाला नुकत्याच ओतलेल्या हिरव्या चहाची वाफ जाणवते.

यातल्या आयोनोनचा एक धागा थेट आपल्या स्वयंपाकघरात येतो. आयोनोन बनते ते सिट्रालपासून. सिट्राल आणि अ‍ॅसिटोन यांचा संयोग करून पुढे आम्लाची प्रक्रिया केली, की आयोनोन तयार होते. आणि सिट्राल म्हणजे आपल्या गवती चहाचा प्राण. गवती चहाच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश भाग सिट्रालचाच असतो. पात चुरगळून नाकाशी धरली की आधी लिंबाच्या सालीसारखा झणका येतो, मग किंचित गोड गवताळ वास रेंगाळतो. तो झणका सिट्रालचा. कृत्रिम सिट्रालचे मोठे कारखाने उभे राहण्याआधी जगभरच्या आयोनोनसाठी लागणारे हे तेल मोठ्या प्रमाणावर मलबारच्या डोंगरउतारांवरून येत असे आणि कोचीन बंदरातून बाहेर जाई. ते गवत आपल्या परसातल्या गवती चहाचे सख्खे चुलत भावंड. पावसाळ्यात आल्यासोबत गवती चहाची पात घालून उकळलेला चहा पिणाऱ्या मराठी माणसाला लिंबू आणि चहा ही जोडी परकी वाटायचे कारण नाही. 'अर्ल ग्रे' चहात इंग्रजांनी घातलेले बर्गमोट हे दक्षिण इटलीतल्या कलाब्रियाचे लिंबूवर्गीय फळही त्याच जोडीचे उदाहरण आहे.

हा परफ्यूम अंगावर कसा वागतो तेही पाहू. फवारा मारल्यावर पहिली काही मिनिटे लिंबू, संत्र्याची साल, बर्गमोट आणि पुदिना यांची असतात. सोबत ऱ्हुबार्ब या पाश्चात्त्य भाजीचा आंबटपणा असतो, म्हणून हा लिंबूवास भांडी घासायच्या साबणासारखा न वाटता कच्च्या कैरीच्या जवळ जातो. पंधरा-वीस मिनिटांत लिंबू मागे सरते आणि चहा, जाई, बडीशेप यांचा मधला टप्पा येतो. या परफ्यूमचे खरे सौंदर्य इथे आहे : कोरडा, किंचित तुरट आणि स्वच्छ. तासाभराने तोही विरळ होतो. दोन-तीन तासांनी मनगट नाकाला लावले तरच कळेल असा धुतलेल्या सुती कपड्यासारखा कस्तुरीचा मंद वास उरतो. ही कस्तुरी अर्थातच मृगाची नसते. तीही प्रयोगशाळेतली असते.

वास असा पायरीपायरीने का उतरतो, याचे कारण रेणूंच्या आकारात आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते आणि त्याचा रेणुभार अवघा १३६. नागपुरी संत्र्याची साल पिळली की उडणारा बारीक तुषार क्षणात हवेत विरतो, तो याच हलक्या रेणूंमुळे. आयोनोनचा रेणुभार १९२, हेडिओनचा २२६, तर गॅलॅक्सोलाइड या सर्रास वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम कस्तुरीचा २५८. हलका रेणू आधी उडतो, जड मागे राहतो. लिंबाचा वास दिवसभर टिकवायचा तर त्याला जड द्रव्यांच्या ओझ्याखाली दाबावे लागते आणि तसे केले की तो लिंबाचा वास राहत नाही. म्हणूनच १७०९ पासून कोलोन शहरात फारिना घराण्याने बनवलेल्या मूळ 'ओ द कोलोन'पासून आजच्या महागड्या लिंबूवर्गीय सुगंधांपर्यंत सगळ्यांची मर्यादा थोड्याफार फरकाने सारखीच आहे. दहापट पैसे मोजले म्हणून लिमोनीन दहापट टिकत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, तापलेल्या अंगावर तर ते आणखी लवकर उडते.

मग स्वस्ताई येते कुठून? काही अंशी कच्च्या मालातून. संत्र्याचे तेल हे रस काढणाऱ्या उद्योगाचे उपउत्पादन आहे. साल वाया जाण्याऐवजी तिच्यातून तेल मिळते. हेडिओन आणि कस्तुरी मोठ्या प्रमाणावर कारखान्यांत तयार होतात. याउलट एक किलो गुलाबाच्या तेलासाठी साधारण साडेतीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात. पण कच्च्या मालाने सगळा फरक उलगडत नाही. महाग बाटलीच्या किमतीतला मोठा वाटा काच, खोका, जाहिरातीतला नट-नटी, मॉलमधली जागा आणि विक्रेत्याचा नफा यांचा असतो. आतल्या द्रवाचा वाटा बहुधा सर्वांत लहान. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हा हिशेब परफ्यूमच्या धंद्याला जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या धंद्याला पडत असेल. साध्या बाटलीत, कमी जाहिरातीत विकला जाणारा आणि अनेक वर्षे तोच राहिलेला सुगंध स्वस्त असण्यामागे काही काळेबेरे असते असे नाही.

हिशेब वापराच्या बाजूनेही मांडता येतो. एका फवाऱ्यात साधारण एक दशांश मिलिलीटर द्रव बाहेर पडतो. म्हणजे १०० मिलिलीटरच्या बाटलीत हजारेक फवारे. सकाळी दोन आणि दुपारी पुन्हा दोन असे चार फवारे रोज वापरले तरी बाटली आठ महिने पुरते. समजा ती दोन हजार रुपयांना पडली, तर रोजचा खर्च आठ रुपये झाला. टपरीवरच्या कटिंग चहापेक्षाही कमी. टिकत नाही या तक्रारीचा हा व्यवहार्य उतारा आहे : ज्याची किंमत कमी आहे ते पुन्हा लावता येते. दहा मिलिलीटरची एखादी रिकामी फवारा-कुपी भरून बॅगेत टाकली की काम भागते.

पण मुद्दा केवळ पैशांचा नाही. रोजच्या परफ्यूमचा विचार करताना तो लावणाऱ्याइतकाच शेजारच्याचाही करायला हवा. सकाळी ८ वाजून ४२ मिनिटांच्या लोकलमध्ये, वातानुकूलित कचेरीत, लिफ्टमध्ये, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात आपला वास ही आपली खासगी बाब राहत नाही. अर्धशिशी किंवा दमा असलेल्यांना तीव्र सुगंधाने त्रास होऊ शकतो. त्यात आपले नाक आपल्यालाच फसवते : सतत येणाऱ्या वासाची जाणीव त्याला काही मिनिटांत होईनाशी होते. लावणाऱ्याला वाटते वास गेला, म्हणून तो आणखी फवारतो. शेजारी मात्र गुदमरत असतो. आपल्या जुन्या रिवाजात हे भान होते. लग्नात गुलाबदाणीतून शिंपडलेले गुलाबपाणी, पाहुण्याच्या मनगटाला लावलेले अत्तराचे बोट, कानाच्या पाळीत खोवलेला फाया, ही सगळी मात्रा थेंबाची होती. डिओचे डबे आले, 'बिना गॅसचा' म्हणून जाहिराती झाल्या आणि काखेपासून शर्टाच्या पाठीपर्यंत फवारत सुटण्याची सवय लागली. हिरव्या चहाचा आणि लिंबाचा वास दोन तासांत मागे सरतो, हे गर्दीत राहणाऱ्या समाजाच्या दृष्टीने सौजन्याचेच लक्षण मानायला हवे.

या प्रकाराच्या उणिवाही सांगायला हव्यात. पहिली उणीव, त्यात गुंतागुंत कमी असते. लग्नसमारंभात, थंडीच्या रात्री किंवा खास प्रसंगी तो फिका पडतो. दुसरी, मूळ सुगंध चालला म्हणून निघणाऱ्या भावंडांची गर्दी. नावे वेगवेगळी असली तरी त्यांतल्या बऱ्याच बाटल्या एकमेकींसारख्या वाटतात. तिसरी उणीव जास्त महत्त्वाची. लिंबूवर्गीय तेले हवा, ऊन आणि उष्णता यांनी लवकर बिघडतात. लिमोनीन हवेशी संयोग पावून जी द्रव्ये तयार होतात, त्यांची काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी येते. म्हणून बाटली खिडकीत किंवा न्हाणीघरात न ठेवता खोक्यासह कपाटात ठेवावी आणि वास आंबूस, तेलकट लागू लागला की ती टाकून द्यावी. बर्गमोटच्या कच्च्या तेलातल्या एका घटकामुळे उन्हात त्वचेवर ओघळासारखे काळपट डाग पडतात. नामांकित कंपन्या तो घटक काढलेले किंवा अगदी मर्यादित प्रमाणात तेल वापरतात, पण घरी सुगंधी तेले मिसळून अंगाला लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रेशमी साडीवर फवारा मारू नये, डाग पडतो. आणि मोत्यांची नथ, तन्मणी परफ्यूम वाळल्यावरच घालावेत, कारण त्यातल्या अल्कोहोलने मोत्याची झळाळी जाते.

चौथी उणीव बाजाराची आहे. जे खपते त्याची नक्कल होते. आठवडी बाजारापासून ऑनलाइन दुकानांपर्यंत 'फर्स्ट कॉपी' या गोंडस नावाखाली काय विकले जाते, हे उघड गुपित आहे. आयात केलेल्या प्रसाधनावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापलेला असणे आपल्या नियमांनुसार आवश्यक आहे. ती चिठ्ठी नसलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

इथे कंपन्यांची आणि विक्रेत्यांचीही जबाबदारी येते. युरोपीय संघात अ‍ॅलर्जी आणू शकणारे २६ सुगंधी घटक वेष्टनावर नावानिशी लिहिणे आधीपासून बंधनकारक होते; २०२३ च्या नियमाने ही यादी ऐंशीच्या वर नेली. लिमोनीन, सिट्राल, लिनालूल ही नावे आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीवरही दिसायला हवीत, मग ती देशी असो वा परदेशी. आणि काउंटरवरच्या माणसाने 'दिवसभर टिकतो' हे पालुपद सोडून द्यावे. 'ताजा वास आहे, दोन-तीन तास राहील, दुपारी पुन्हा लावा', एवढे खरे सांगितले तर गिऱ्हाईक नाराज होणार नाही.

गिऱ्हाइकानेही दुसरा प्रश्न बदलावा. किती टिकतो याऐवजी हा वास कुठे आणि केव्हा लावायचा आहे, असा प्रश्न स्वतःला विचारावा. समारंभासाठी हवा असेल तर अत्तर घ्यावे, वाळा किंवा चंदन घ्यावे, ऐपत असेल तर महाग बाटली घ्यावी. रोज कचेरीला, कॉलेजला, बँकेत जाताना लावायचा असेल तर लिंबू आणि हिरव्या चहाचा स्वस्त परफ्यूम त्या कामासाठीच बनलेला आहे आणि ते काम तो चोख करतो. मनगटावर लावून अर्धा तास बाजारात फिरावे, मधल्या टप्प्याचा वास आवडला तरच पैसे द्यावेत आणि दोन फवाऱ्यांवर थांबावे.